आईला डायपर लावायचा का, असं विचारणाऱ्यांसाठी

मी इंदूरला एका वृद्धाश्रमात देखरेखीचं काम बघते. आमच्याकडे आईवडिलांना ठेवायला येणारी मुलं बहुतेक पुण्याला नाहीतर बंगळूरला, काही अमेरिकेत, आणि आईबाबा इकडे राजेंद्रनगर, सुदामानगर, लोकमान्यनगरच्या घरात दोघंच किंवा एकटेच राहिलेले. पहिल्या फोनवर सगळं विचारून होतं, खोली कशी आहे, जेवणात वरण-भात असतो ना, डॉक्टर कधी येतात, महिन्याचे किती, आणि मग अगदी शेवटी आवाज खाली येतो आणि विचारतात, ताई, आईला हल्ली कळतच नाही, कपड्यात होतं, तर डायपर लावता ना तुमच्याकडे?

लावतो. गरज असेल तर नक्की लावतो आणि त्यात लाजण्यासारखं काहीही नाही. पण आईला आणलं, खोली दाखवली आणि डायपर चढवला असं आम्ही करत नाही, मी तरी करू देत नाही. आधी बघायचं की होतंय का, कधी होतंय, किती होतंय, आणि मग ठरवायचं की लावायचा का, दिवसा की फक्त रात्री, आणि कोणता. सगळ्यांना एकच डायपर सकाळ-संध्याकाळ घालून ठेवणं हे काम करणाऱ्यांच्या सोयीचं असतं, त्या म्हाताऱ्या माणसाच्या सोयीचं नाही, आणि ह्या एका गोष्टीवरून मी खूपदा भांडलेली आहे, पुढेही भांडेन.

आमच्याकडे एक आजोबा होते, बँकेतून रिटायर झालेले, पार्किन्सनचा त्रास. घरून येताना दिवसरात्र डायपरवर होते. दोन-तीन दिवस आमची दीदी, म्हणजे सांभाळणारी मुलगी, त्यांच्या आसपास राहिली तेव्हा लक्षात आलं की त्यांना लघवीची जाणीव पूर्ण आहे, ते वेळेवर उठतात, काठी घेऊन बाथरूमपर्यंत जातातही, पण तिथे उभे राहून पायजम्याची नाडी सुटत नाही. बोटं थरथरतात, गाठ अजून आवळते, आणि मग व्हायचं ते होतं. घरी सगळ्यांना वाटायचं बाबांना कळत नाही. नाडी काढून इलॅस्टिक घातलं, रात्रीसाठी पलंगाजवळ युरिनलचं भांडं ठेवलं, आणि दिवसाचा डायपर सुटला. रात्री मात्र ठेवला, कारण झोपेत उठताना पडले असते तर खुबा मोडला असता. तर असं असतं, मूत्राशय ठीक आणि गाठ नडते, आणि हे जवळ उभं राहिल्याशिवाय दिसत नाही.

कारणं बरीच असतात आणि प्रत्येकाचं वेगळं. खोकला आला, शिंक आली, उठताना जोर लागला की थोडी लघवी होते, हे बायकांमध्ये खूप, त्यांना मोठ्या डायपरची गरजच नसते, छोटा पॅड पुरतो. दुसरं म्हणजे लागली की लागली, धरवतच नाही, बाथरूमच्या दारापर्यंत पोचेस्तोवर होते. तिसरं पुरुषांमध्ये, प्रोस्टेट वाढलेलं, लघवी पूर्ण होतच नाही, पिशवी आत तट्ट भरलेली आणि बाहेर थेंब थेंब गळत राहतं, घरच्यांना वाटतं लघवी सारखी होतेय, खरं म्हणजे ती अडकलेली असते, आणि इथे नुसता डायपर लावून बसलात तर किडनीवर येतं. आणि चौथं म्हणजे वरच्या आजोबांसारखं, सगळं शाबूत पण नाडी सुटत नाही किंवा वेळेवर पोचता येत नाही, गुडघे धरलेत, डोळ्यांना दिसत नाही, बाथरूम लांब आहे, किंवा विसरायचा आजार आहे आणि बाथरूमचं दार कुठलं हेच आठवत नाही.

आणि अचानक सुरू झालं असेल, म्हणजे गेल्या आठवड्यापर्यंत ठीक होतं आणि आता एकदम कपड्यात होतंय, तर पहिलं काम डायपर आणायचं नाही, लघवी तपासायचं आहे. म्हाताऱ्या माणसाला इन्फेक्शन झालं की ताप येईलच असं नाही, नुसतं बरळायला लागतात, सुस्त पडतात, आणि कपडे ओले होतात. शुगर वाढलेली असली तरी लघवी वाढते. नवीन गोळी सुरू झाली आहे का तेही बघा, झोपेची गोळी असेल तर जागच येत नाही, आणि सूज उतरायची जी लघवीची गोळी असते ती संध्याकाळी दिली जात असेल तर रात्रभर तेच चालणार, डॉक्टरांना विचारून सकाळची करून घ्यायची. पायावर सूज असणाऱ्यांना दुपारी तासभर पाय उंच करून झोपवलं तरी रात्रीचं थोडं कमी होतं, कारण पायात उतरलेलं पाणी नाहीतर रात्री आडवं झाल्यावरच लघवीवाटे निघतं.

अजून एक, संडासाचं. पातळ पातळ गळतंय म्हणून घरचे जुलाब बंद करायची गोळी देतात, आणि खरं कारण असतं खडा. आत शौच कडक होऊन अडकलेलं, आणि त्याच्या बाजूने पातळ झिरपत राहतं. त्यावर जुलाब थांबवायची गोळी म्हणजे उलटंच झालं. चार-पाच दिवस नीट शौच झालेलं नसेल आणि आता गळत असेल तर डॉक्टरांना हे असंच्या असं सांगा. हाच खडा मूत्राशयावर दाब देतो, लघवीही त्यामुळेच गळते किंवा अडते, खडा निघाला की कधी कधी दोन्ही त्रास एकदम सुटतात.

नवीन कोणी आलं की आम्ही तीन दिवस वही ठेवतो. साधी शंभर पानी वही, रेघा मारलेल्या, त्यात किती वाजता पाणी-चहा घेतला, किती वाजता बाथरूमला नेलं, तेव्हा झाली का, आणि किती वाजता कपडे किंवा डायपर ओला सापडला. बस एवढंच. तीन दिवसांनी ती वही बोलायला लागते. कोणाचं सकाळच्या चहानंतर बरोबर अर्ध्या-पाऊण तासात होतं, कोणाचं दुपारी झोपून उठल्यावर, कोणाचं फक्त पहाटे. मग त्या वेळेच्या जरा आधी जाऊन विचारायचं. दिवसा साधारण दर दोन तासांनी विचारायचंच, पण वहीत जी वेळ दिसते ती चुकवायची नाही. विचारायचं पण जवळ जाऊन, हळू आवाजात. आमच्या दीदी बहुतेक निमाडकडच्या, खरगोन-बडवानीच्या, त्या आपल्या हिंदीत म्हणतात, अम्माजी, चलिए, हाथ-मुँह धोकर आते हैं, आणि आजी उठते. लांबून सगळ्या हॉलमध्ये ऐकू जाईल असं बाथरूम जाना है क्या म्हणून ओरडलं तर लागलेली असली तरी आजी नाहीच म्हणणार, कोणीही नाही म्हणेल. विसरायचा आजार असलेल्यांनासुद्धा हे लागू पडतं, लाज ही फार उशिरापर्यंत शिल्लक राहते.

एवढं केल्यावर दिवसाचा डायपर बऱ्याच जणांचा सुटतो किंवा निदान तीनाचा एक होतो. सगळ्यांचा नाही. ज्यांना पलंगावरून हलताच येत नाही, ज्यांचा आजार खूप पुढे गेलाय, त्यांना लागतोच, आणि मग तो नीट लावायचा.

आता डायपरविषयी. दोन मुख्य प्रकार, टेपवाला आणि पॅन्टवाला. जो उभा राहू शकतो, चालतो, त्याला पॅन्टवाला, कारण तो चड्डीसारखा खाली-वर करता येतो, म्हणजे बाथरूमला जायची सवय मोडत नाही. जो पडून आहे त्याला टेपवाला, कूस बदलून लावता-काढता येतो. पडून असलेल्या माणसाला पॅन्टवाला घातला तर प्रत्येक वेळी दोन्ही पायांतून काढायला लागतो, पाय ओढले जातात, कातडी घासते. आणि ज्यांचं थोडंच गळतं त्यांना स्वतःच्या चड्डीत लावायचा पॅड. पलंगावर अंडरपॅड अंथरायचा असतो तो गादी वाचवायला, तो डायपरच्या ऐवजी नाही.

साइझवर फार गोंधळ असतो. मुलं ऑनलाइन मागवतात आणि मोठाच मागवतात, म्हणतात मोठा असला की जास्त शोषेल. तसं नसतं, ढगळ झाला की मांडीच्या बाजूने सगळं बाहेर. टेपने कंबर मोजा, पार्श्वभाग मोजा, जे माप जास्त येईल ते पाकिटावर बघा. एका कंपनीचा एल दुसऱ्या कंपनीच्या एलसारखा नसतो. आणि एकावर एक दोन डायपर घालू नका, आतल्याला बाहेरून प्लास्टिक असतं, तो भरला तरी बाहेरच्यापर्यंत काही पोचत नाही, नुसतं गरम होतं. रात्रीसाठी जास्त शोषणारा वेगळा मिळतो तो घ्या. दुकानात पाण्याचा ग्लास ओतून दाखवतात त्यावरही जाऊ नका, आतली जी पावडर असते, सोडियम पॉलिअॅक्रिलेट म्हणतात तिला, ती ओली झाली की जेली होते, पण ती साधं पाणी जेवढं धरते तेवढी लघवी धरत नाही, लघवीत क्षार असतात ना, त्याने तिची ताकद बरीच कमी होते.

लावायची पद्धत कोणी शिकवतच नाही, घरी तर नाहीच. टेपवाला डायपर आधी लांबीत दुमडायचा, म्हणजे मधे होडीसारखी खाच तयार होते, मग थोडा ताणून मोकळा करायचा म्हणजे कडेच्या झालरी उभ्या राहतात. माणसाला कुशीवर वळवायचं, मागचा भाग कमरेपर्यंत वर घ्यायचा, परत सरळ करायचं, पुढचा भाग पायांमधून वर आणायचा. पुरुष असेल तर इंद्रिय खाली वळवलेलं आहे ना ते बघायचं, वर किंवा बाजूला राहिलं तर पोटाकडून गळतं आणि सगळे म्हणतात डायपर खराब निघाला. खालच्या टेपा आधी, किंचित वरच्या दिशेने, मग वरच्या टेपा किंचित खाली. शेवटी जांघेत बोट फिरवून झालर बाहेर काढायची, आत दुमडलेली राहिली तर तिथून गळणार आणि तिथेच कातडी कापणार. कमरेला दोन बोटं आत जायला हवीत, एवढं सैल. हे सगळं करताना खोलीचं दार बंद आणि अंगावर चादर, हे मी प्रत्येक नवीन दीदीला पहिल्याच दिवशी सांगते, आणि परत परत सांगते.

कातडीचं बघा, मला सगळ्यात जास्त काळजी ह्याची असते. लघवी बराच वेळ अंगाला राहिली की तिच्यात अमोनिया तयार होतो, आपली कातडी मुळात थोडी आंबट असते, म्हणजे पीएच ५ च्या आसपास, तेच तिचं कवच, ते ह्याने जातं. वर शौच लागलं तर त्यातले पाचक रस कातडीच खायला लागतात, म्हणून लघवीचा डायपर भरेपर्यंत थोडं थांबता येतं, शौचाचा डायपर पाच मिनिटंही ठेवायचा नाही, रात्री तीन वाजता असला तरी नाही. धुवायला कोमट पाणी आणि जुन्या सुती साडीचा मऊ तुकडा, पुढून मागे पुसायचं, बायकांच्या बाबतीत तर हे अगदी कटाक्षाने, नाहीतर इन्फेक्शन ठरलेलं. साबण प्रत्येक वेळी नको, तो कातडी अजून कोरडी करतो. घासायचं नाही, टिपून घ्यायचं. मग झिंक ऑक्साइडचं क्रीम अगदी पातळ. पातळ म्हणजे पातळ, थापून लावलं की ते डायपरला चिकटतं आणि डायपर शोषतच नाही. टाल्कम पावडर बिलकुल नको, तिच्या गुठळ्या जांघेत बसतात आणि टोचतात.

लालसर दिसायला लागलं तर कुठे लाल आहे ते बघा. जांघेत, घड्यांमध्ये, ओलं राहतं तिथे पसरट लाल असेल तर ते ओलीचं. माकडहाडावर, खुब्यावर, टाचेवर, म्हणजे हाड टेकतं तिथे असेल आणि बोटाने दाबून सोडलं तरी पांढरं होत नसेल तर ती बेडसोअरची सुरुवात, तिथे क्रीमने काही होणार नाही, दाब काढावा लागेल, दर दोन तासांनी कूस बदलावी लागेल. आणि लाल भागाच्या कडेने बारीक बारीक पुळ्या असतील, खाज असेल, शुगर असेल, तर ती बहुतेक बुरशी. ह्यावर केमिस्टकडून तीन औषधं एकत्र असलेलं क्रीम आणून लावतात, त्यात स्टेरॉइड असतं, दोन दिवस छान वाटतं आणि नंतर कातडी कागदासारखी होते. डॉक्टरांना दाखवा, निदान फोटो पाठवा, पण हे क्रीम मनाने लावू नका.

इंदूरचा मे महिना तुम्हाला माहितीच आहे, पारा चाळीसच्या वर, त्यात लाइट गेले की डायपरच्या आत काय होत असेल विचार करा. उन्हाळ्यात आम्ही सकाळच्या अंघोळीनंतर अर्धा-पाऊण तास डायपर न लावता नुसत्या अंडरपॅडवर झोपवतो, वर पातळ चादर, पंखा चालू. एक अंडरपॅड वाया जातो कधी कधी, जाऊ दे.

आणि पाणी तोडू नका. हे फार होतं, घरी तर होतंच पण माझ्या क्षेत्रातल्या लोकांनीही केलेलं मी पाहिलंय, कमी पाजलं की कमी बदलावं लागेल असा हिशोब. आजी स्वतःही पाणी सोडतात, म्हणतात कशाला उगाच त्या पोरीला त्रास. पण पाणी कमी झालं की लघवी घट्ट होते, आग होते, मूत्राशयाला टोचते, लागल्याचा भास अजून वाढतो, इन्फेक्शन होतं, खडा धरतो, चक्कर येते. डॉक्टरांनी हृदयासाठी किंवा किडनीसाठी मोजून दिलं नसेल तर दिवसभरात दीड लिटरच्या आसपास पोटात जायला हवं, फक्त त्यातलं जास्त सकाळी-दुपारी, आणि संध्याकाळी सहा-सातनंतर चहा नको. आमच्याकडे चहा हा नाजूक विषय आहे, इंदूरच्या माणसाला पोह्यांसोबत चहा नाही दिला तर तो दिवसभर बोलणार नाही, तो सकाळचा मी कधीच तोडत नाही.

कॅथेटरचं पण विचारतात, नळीच घालून टाका ना, सगळंच सोपं होईल. नळी ही लघवी अडली असेल, मोठी जखम भरायची असेल अशा कारणांसाठी असते, कपडे ओले होऊ नयेत म्हणून नाही. आत नळी राहिली की जंतू चढतातच, जितके जास्त दिवस तितकं नक्की.

खर्चाचं स्पष्ट बोलते. चांगला डायपर नगाला साधारण ३० ते ६० रुपये पडतो, दिवसाला ३ धरले तर महिन्याला ९०, म्हणजे तुमचे तीन ते पाच हजार इथेच. दवा बाजारात पेटीच्या भावाने घेतलं तर बरंच स्वस्त पडतं, पण आधी एकच पाकीट घेऊन अंगाला बसतो का बघा, मग पेटी घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून डायपरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झालाय, बिलात बघून घ्या. पैसे कमी असतील तर माझं म्हणणं असं की दिवसा बाथरूमला नेण्यावर जोर द्या आणि वाचलेल्या पैशांत रात्रीचा डायपर चांगला घ्या. स्वस्तातला आणून तोच दहा-बारा तास ठेवला तर पुढे ड्रेसिंगवर जास्त जातील.

फेकायचं पण नीट. शौच आधी कमोडमध्ये, डायपर आतल्या बाजूने घट्ट गुंडाळायचा, त्याच्याच टेपांनी बंद करायचा, कागदात बांधून वेगळ्या डब्यात. घनकचऱ्याच्या नियमांतही हे नीट गुंडाळून द्यायला सांगितलंय, आणि आपल्या इंदूरला तर निगमच्या, म्हणजे महापालिकेच्या, कचरागाडीत सॅनिटरी कचऱ्याचा कप्पाच वेगळा असतो. गाडीवरचे भैया तो कचरा हाताळतात, उघडा डायपर त्यांच्या हातात जाऊ नये.

एक आजी आठवतात, शाळेत मराठी शिकवायच्या. गाउन घालायला तयार नाहीत, साडीच, आणि आल्या तेव्हा खोलीतून बाहेर पडायच्या नाहीत, ओल्या चड्ड्या कपाटात साड्यांच्या मागे लपवायच्या, वास यायचा आणि कोणी विचारलं की रागवायच्या. डायपर म्हटलं की रडायच्या, मी काय बाळ आहे का. त्यांना डायपर शब्द न वापरता परकराच्या आत घालायची पॅन्ट दाखवली, त्यांच्याच हातात दिली, दार लावून घेतलं, म्हटलं तुम्ही घालून बघा, जमलं तर ठीक नाहीतर परत द्या. गणपतीत त्या खाली आरतीला येऊन पूर्ण वेळ बसल्या, अथर्वशीर्ष म्हणायलाही बसल्या. मुलीने फोटो बघून फोन केला की आईला इतकं बाहेर बसलेलं वर्षभरात पाहिलं नव्हतं. मी ह्यासाठीच डायपरच्या विरोधात अजिबात नाही.

तर आईबाबांना घेऊन याल तेव्हा सोबत इलॅस्टिकचे चार पायजमे किंवा सैल गाउन आणा, साडीच नेसत असतील तर साडी आणा पण परकर इलॅस्टिकचा. सगळ्या गोळ्यांची चिठ्ठी आणा, कोणती किती वाजता देता ते लिहून. घरी असताना दोन-तीन दिवस वही ठेवता आली तर फारच उत्तम. कंबरेचं आणि पार्श्वभागाचं माप घेऊन या. आणि आईसमोर, बाकीच्या लोकांच्या देखत मला हे विचारू नका, ऑफिसात या, दार लावून बोलू. भेटायला आलात की पण तसंच, आत शिरल्या शिरल्या वास येतोय का, बदललाय का असं मोठ्याने म्हणू नका. शंका असेल तर बाहेर येऊन वही मागा, कोणत्या वेळी बदलला ते त्यात लिहिलेलं असतं, आणि लिहिलेलं नसेल तर जाब विचारा, तो तुमचा हक्क आहे, आमच्याकडेही आणि दुसऱ्या कुठेही.